शेजाऱ्याचा त्रास: नोंद, बोलणी, अर्ज आणि तक्रार यांचा योग्य क्रम

शेजाऱ्याच्या त्रासाला कंटाळलेला माणूस बहुतेक वेळा एकाच पद्धतीने चुकतो. तो महिनोन्‌महिने सहन करतो, एका रात्री त्याचा संयम सुटतो, गल्लीत शिवीगाळ होते आणि त्याच रात्री तो पोलीस ठाण्यात जाऊन एनसी (अदखलपात्र, म्हणजे किरकोळ गुन्ह्याची नोंद) नोंदवून येतो. दुसऱ्या दिवशी शेजारीही तिथेच जाऊन उलटी एनसी नोंदवतो. भिंतीत मुरणारे न्हाणीचे पाणी किंवा दर नांगरटीला वीतभर सरकणारा धुरा (शेताचा बांध) हा मूळ प्रश्न जिथल्या तिथे राहतो आणि कागदावर फक्त शिवीगाळ उरते. तक्रार करावी की नाही हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण ती कोणाकडे, कोणत्या कागदांसह आणि कोणत्या क्रमाने करावी हे आधी कळले नाही, तर केलेली तक्रारही वाया जाते.

इशारा: मारहाण, शस्त्र दाखवणे, घरात घुसणे, स्त्रिया किंवा मुलांशी लैंगिक गैरवर्तन आणि जातिवाचक शिवीगाळ या गोष्टींना पुढील क्रम लागू नाही. अशा वेळी थेट ११२ वर फोन करावा आणि ठाण्यात फिर्याद द्यावी. या प्रकारांत गावातल्या कोणत्याही बैठकीत तडजोड करू नये.

### टप्पा १: वाद नेमका कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवा

एकाच शेजाऱ्याविषयी आपल्या मनात दहा तक्रारी साठलेल्या असतात, पण कोणतेही कार्यालय त्या एकगठ्ठा सोडवत नाही. म्हणून प्रत्येक तक्रार वेगळी करून ती पुढीलपैकी कुठे बसते ते पाहावे.

पहिला प्रकार सार्वजनिक उपद्रवाचा: रस्त्यावर सोडलेले सांडपाणी, नालीवर बांधलेला ओटा, वस्तीत घातलेला उकिरडा, रात्री उशिरापर्यंत वाजणारे साउंड बॉक्स. दुसरा प्रकार हक्काचा: धुरा, शेताची वाट, सामाईक भिंत, विहिरीतला हिस्सा. तिसरा प्रकार सामाईक सोयीच्या गैरवापराचा, ज्यात मराठवाड्यातल्या शहरांत सर्वाधिक भांडणे लावणारी एक गोष्ट येते, ती म्हणजे नळाला थेट मोटर लावणे. जिथे नळाला अनेक दिवसांनी एकदा पाणी येते, तिथे एका घराने मोटर लावली की पुढच्या चार घरांच्या हंड्यांत धार पडत नाही, त्यामुळे हा किरकोळ वाद समजू नये.

उरलेला चौथा प्रकार निव्वळ नकोशा वागण्याचा आहे. दिवसा मुलांचा गलका, एखाद्या दिवशीचे बारसे, तिरकस बोलणे, सांगितल्यावरही ओळख न दाखवणे. यावर कोणत्याही कार्यालयात उपाय नाही आणि त्यासाठी अर्ज केल्यास पुढच्या खऱ्या तक्रारीचे वजन कमी होते.

तपासणी: “मला नेमके काय थांबायला हवे आहे” याचे उत्तर एका वाक्यात लिहिता येते का? “त्याला धडा शिकवायचा आहे” असे उत्तर येत असेल, तर चार दिवस थांबावे.

### टप्पा २: नोंदवही ठेवा

हा टप्पा लोक सर्रास वगळतात. “रोजच त्रास असतो” या वाक्याचा अधिकाऱ्याला काहीच उपयोग होत नाही, कारण “रोज” म्हणजे कधी हे त्याला विचारावेच लागते. एका साध्या वहीत तारीख, वेळ, घडलेली गोष्ट, तिचा परिणाम आणि पाहणाऱ्यांची नावे लिहावीत. नोंद अशी असावी:

“१४ मार्च, रात्री ११.२० ते १२.४५. मागच्या गच्चीवर साउंड बॉक्स. खिडक्या बंद करूनही गाण्याचे शब्द स्पष्ट ऐकू येत होते. आजारी आई जागीच. समोरच्या घरातल्या दोघांनीही ऐकले. ११.५० ला ११२ वर फोन केला.”

या नोंदीत शेजाऱ्याला लावलेले विशेषण एकही नाही आणि त्यामुळेच ती विश्वासार्ह वाटते. सांडपाणी किंवा ओल असेल तर एकाच कोनातून, ठरावीक दिवसांच्या अंतराने फोटो काढावेत, म्हणजे डाग वाढत गेल्याचे दिसते. फोटो किंवा व्हिडिओ ज्या मोबाइलवर काढला तो मूळ स्वरूपात जपून ठेवावा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यामुळे व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीपेक्षा मूळ फाइल असणे केव्हाही चांगले.

इशारा: कॅमेरा आपल्या दारावर, अंगणावर किंवा सार्वजनिक रस्त्यावर रोखलेला असावा. शेजाऱ्याच्या घरात, न्हाणीकडे किंवा घरातल्या स्त्रियांकडे रोखलेला कॅमेरा आपल्यालाच आरोपी करू शकतो. चित्रण गल्लीच्या ग्रुपवर टाकण्याचा मोहही टाळावा.

मुदतीची तपासणी: नोंदी ठेवण्यात किती काळ घालवता येईल हे वादाच्या प्रकारावर ठरते. आवाज किंवा सांडपाण्यासाठी दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी पुरतात. शेताची वहिवाटीची वाट अडवली असेल किंवा जागेचा ताबा हिसकावला असेल, तर कायद्याची मुदत सहा महिन्यांची आहे आणि ती पहिल्या दिवसापासून मोजली जाते. गावकी, सोयरीक, सण आणि “पुढच्या बैठकीत बघू” यांत हे सहा महिने कसे सरतात ते कळतही नाही.

### टप्पा ३: स्वतःचे कागद आणि स्वतःचे घर तपासा

शेजाऱ्याविरुद्ध अर्ज दिला की पाहणीला येणारा माणूस दोन्ही घरे पाहतो. आपल्या जिन्याची खालची पायरी नालीवर असेल, आपलीही मोटर नळाला जोडलेली असेल किंवा आपला कडबा रस्त्यावर रचलेला असेल, तर पहिली नोटीस आपल्याला येऊ शकते. हे सगळे अर्जापूर्वी दुरुस्त करावे.

शहरात मालमत्ता पत्रक, खरेदीखत, मंजूर नकाशा आणि कर पावती, गावठाणात नमुना ८ चा उतारा, तर शेतासाठी सातबारा, आठ-अ आणि गटाचा नकाशा काढून ठेवावा. इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असते, पण हद्द कुठून कुठे जाते हे त्यावर दिसत नाही. “माझ्या सातबाऱ्यावर दोन हेक्टर आहे, म्हणजे धुरा तिकडे आहे” हा युक्तिवाद तलाठ्यापुढे, तहसीलदारापुढे किंवा पोलिसांपुढे टिकत नाही.

धुऱ्याच्या वादात पहिली पायरी मोजणीचीच असते. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे अर्ज करून फी भरावी. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक जागेवर येऊन हद्द दाखवतो आणि मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत मिळते. ही मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठ पातळीवर निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते. अर्ज हिवाळ्यातच करून ठेवणे शहाणपणाचे, कारण शेत मोकळे असते ते रब्बी निघाल्यापासून मृगाच्या पेरणीपर्यंत. सोयाबीन किंवा कापूस उभा असताना साखळी टाकणे अवघड जाते आणि पिकाच्या नुकसानीवरून नवेच भांडण सुरू होते.

सामान्य चूक: मोजणीच्या दिवशी शेजारी हजर नसतानाही घाईने खुणा रोवणे. नोटीस मिळाल्याची नोंद आहे ना याची खात्री करावी आणि खुणा रोवताना पंचांच्या सह्या घ्याव्यात.

### टप्पा ४: एकदा नीट बोला

बोलणे आणि ऐकवणे यांत फरक आहे. वेळ अशी निवडावी की समोरचा माणूस घाईत, प्यायलेला किंवा पाहुण्यांत नसेल. घटना घडत असताना जाऊ नये, दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. सोबत जास्तीत जास्त एक वडीलधारे माणूस असावे, कारण चार जण दारात उभे राहिले की समोरच्याला आपल्यावर चाल करून आल्यासारखे वाटते.

बोलताना एकच गोष्ट, तिचा परिणाम आणि उपाय सांगावा. “काका, टाकी भरल्यावर पाणी आमच्या भिंतीवर पडायलंय, आतून पोपडे निघायलेत. तेवढा बॉल बसवून घ्या, मिस्त्री मी पाठवून देतो,” असे म्हणणारा माणूस निम्मे काम तिथेच करून येतो. त्याच दारात “तुमच्या बापाची गल्ली आहे का” असे कोणी म्हटले, तर पुढची दहा वर्षे ती टाकी मुद्दाम वाहत राहील. मिस्त्रीचा खर्च वाटून घेण्याची तयारी दाखवणे हा कमीपणा मानू नये. वकिलाच्या पहिल्या भेटीपेक्षा तो बहुधा स्वस्त पडतो.

शेजारी भाडेकरू असेल तर आधी त्याच्याशी आणि मग घरमालकाशी बोलावे. पुष्कळ घरांत पुरुषांचे बोलणे बंद असते पण वहिनी आणि काकूंचे येणे-जाणे चालू असते. तो मार्ग मोकळा असेल तर अवश्य वापरावा. बोलणे झाले की त्याच दिवशी नोंदवहीत तारीख, ठरलेली गोष्ट आणि दिलेली मुदत लिहून ठेवावी.

### टप्पा ५: मध्यस्थ आणि लेखी समझोता

गावात पोलीस पाटील, सरपंच आणि तंटामुक्त गाव समिती हे पर्याय असतात. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली. काही गावांत तिची समिती अजून खरोखर काम करते, काही गावांत ती नावापुरती उरली आहे. आपल्या गावातली समिती निःपक्ष आहे की एका गटाची, हे गावकऱ्याला सांगावे लागत नाही. दुसरी स्थिती असेल तर दोन्ही घरे ज्याचे ऐकतात असा नातेवाईक किंवा निवृत्त शिक्षक अधिक उपयोगी पडतो.

समझोता तोंडी ठेवू नये. “दोघांनी सलोख्याने राहावे” असे लिहिलेला कागद निरुपयोगी असतो. कोणी काय करायचे, किती फुटांवर, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाच्या खर्चाने, हे लिहून दोन्ही पक्ष व दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि प्रत्येकाने एक प्रत ठेवावी.

इशारा: बाँडवर लिहून जमिनीची मालकी बदलत नाही. धुऱ्याच्या वादात “चार फूट तुला, चार फूट मला” असे काही ठरणार असेल, तर वकिलाला दाखवून रीतसर नोंदणीकृत दस्त करावा.

### टप्पा ६: तक्रार करावी का, याचा निर्णय

बोलणे आणि मध्यस्थी होऊनही त्रास सुरू असेल, तेव्हा हा निर्णय शांतपणे घ्यावा. आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका असेल, घरात लहान मूल, आजारी किंवा वृद्ध माणूस असेल, कायद्याची मुदत संपत येत असेल किंवा हक्कच बुडत असेल, तर शेजारधर्माचा संकोच बाळगू नये. संबंध बिघडतील म्हणून गप्प बसणाऱ्या घरांत ओल, दमा आणि झोपमोड वर्षानुवर्षे राहते, आणि संबंध तरीही बिघडलेलेच असतात. ते सहन करणाऱ्या बायका आणि म्हातारी माणसे यांना कोणी विचारतही नाही, म्हणून निर्णय घेताना घरात सगळ्यात जास्त वेळ जो असतो त्याचे मत आधी घ्यावे.

त्रास थांबलेला आहे आणि केवळ अपमान सलतो आहे, पुरावा ऐकीव आहे, किंवा जे शेजारी करतो तेच आपणही करतो, अशा वेळी मात्र तक्रार करू नये.

### टप्पा ७: योग्य कार्यालयात लेखी अर्ज

सर्वाधिक अर्ज चुकीच्या टेबलावर जातात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा.

सांडपाणी, कचरा, नालीवरील आणि रस्त्यावरील अतिक्रमण: गावात ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ ने सार्वजनिक रस्ते व मोकळ्या जागांवरील अडथळे काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला दिला आहे. दाद न मिळाल्यास पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांकडे जावे. शहरात नगरपरिषद किंवा महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात अर्ज द्यावा. उपद्रव संपूर्ण वस्तीला होत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे तो दूर करण्याचा आदेश मागता येतो. असा अर्ज एकट्याने न करता चार-पाच घरांनी मिळून करावा.

नळाला मोटर: पालिकेचा पाणीपुरवठा विभाग. पाणी येण्याच्या दिवशी आणि वेळीच पाहणी व्हावी, असे अर्जात स्पष्ट लिहावे. एरवी येणाऱ्या माणसाला मोटर दिसणारच नाही.

शेताची वाट: इथे दोन वेगळे कायदे आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. वहिवाटीत असलेली वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. शेताला वाटच नसेल आणि बांधावरून नवी हवी असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली अर्ज करावा. कलम १४३ चा अर्ज देऊन “वीस वर्षांची वाट अडवली” असे लिहिले, की अर्ज आणि मजकूर यांचा मेळ बसत नाही, प्रकरण रेंगाळते आणि तोवर पहिल्या कायद्याची मुदत निघून जाते.

फ्लॅटमधील गळती, पार्किंग: आधी सोसायटीच्या समितीला लेखी, नंतर सहकारी न्यायालय.

आवाज: पोलीस. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दिवसाच्या आवाजासाठी मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त असल्यास तक्रार करता येते. रात्री १० नंतर मात्र उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यालाच बंदी असल्याने तो चालू असणे एवढे तक्रारीला पुरते. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते, तेव्हा फोन करण्यापूर्वी आजचा दिवस त्यांपैकी आहे का ते पाहावे.

अर्ज एका पानाचा असावा. “सदर इसम गुंड प्रवृत्तीचा असून आम्हाला नेहमी त्रास देतो, तरी कठोर कारवाई व्हावी” या अर्जावर कर्मचारी काहीच करू शकत नाही. त्याऐवजी असे लिहावे: “माझ्या घराच्या पूर्व भिंतीलगत शेजारच्या घराच्या न्हाणीचा पाईप उघड्यावर सोडलेला आहे. पाणी सार्वजनिक रस्त्यावर साचून माझ्या भिंतीत मुरते. ३ फेब्रुवारी रोजी तोंडी विनंती केली, २० फेब्रुवारी रोजी पोलीस पाटलांसमक्ष लेखी समझोता झाला, तो पाळला गेला नाही. जागेची पाहणी करून पाईप नालीला जोडण्याबाबत नोटीस द्यावी.” सोबत फोटो आणि समझोत्याची प्रत जोडावी.

तपासणी: अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. महिनाभर हालचाल दिसली नाही, तर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात “आवक क्रमांक अमुकवर आजवर केलेल्या कार्यवाहीच्या प्रती” मागाव्यात. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असल्यामुळे अडकलेला कागद बऱ्याचदा तेवढ्याने हलतो. एकाच वेळी जिल्हाधिकारी, मंत्री आणि मुख्यमंत्री यांना प्रती पाठवण्याची घाई करू नये, कारण त्या सगळ्या फिरून त्याच टेबलावर येतात.

### टप्पा ८: पोलीस ठाण्यात जाताना

पोलीस हद्द ठरवत नाहीत, वाट देत नाहीत आणि पाईपही जोडून देत नाहीत. धमकी, मारहाण, घरात घुसणे, तोडफोड आणि आवाज ही त्यांची कामे आहेत.

शिवीगाळ किंवा साधी चापट अशा अदखलपात्र गुन्ह्याची एनसी होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत, म्हणून एनसीनंतर काहीच घडले नाही याचा अर्थ ठाण्याने पैसे खाल्ले असा काढू नये. दखलपात्र गुन्हा असेल तर त्याच संहितेच्या कलम १७३ प्रमाणे एफआयआर नोंदवून घ्यावा लागतो आणि फिर्यादीला त्याची प्रत मोफत मिळते. नोंद घेण्यास नकार दिल्यास तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवावी आणि त्यानेही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. जखम असेल तर आधी सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्यावी. दोन दिवसांनी दाखवलेल्या जखमेवर प्रश्न विचारले जातात.

फिर्यादीत जे घडले तेवढेच सांगावे. ज्याने काठी उगारली त्याच्यासोबत त्याची म्हातारी आई, बाहेरगावी शिकणारा मुलगा आणि “गळ्यातली चैन हिसकावली” हे वाढवून लिहिणे हे फार जुने आणि घातक वळण आहे. मुलगा त्या दिवशी पुण्यात होता हे सिद्ध झाले की काठी उगारल्याची खरी गोष्टही खोटी ठरते, शिवाय खोटी माहिती दिल्याची कारवाई होऊ शकते.

इशारा: वारंवार एकमेकांवर एनसी झाल्या की याच संहितेच्या कलम १२६ खाली, म्हणजे लोक ज्याला चॅप्टर केस म्हणतात तीत, दोन्ही बाजूंना नोटीस निघू शकते आणि एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचा बंधपत्र द्यावा लागू शकतो. आपली बाजू खरी असली तरी तारखा दोघांनाही कराव्या लागतात.

### टप्पा ९: न्यायालय आणि लोकअदालत

जागेवरून बेकायदा काढले असल्यास विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा करावा. त्रास थांबवण्यासाठी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागता येतो. त्याआधी जिल्हा किंवा तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून वाद लोकअदालतीत ठेवण्याची विनंती करून पाहावी. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो आणि त्यावर अपील नसते, त्यामुळे सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचून घ्यावी. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना या समितीकडून मोफत वकील मिळू शकतो, मग त्यांचे उत्पन्न कितीही असो.

### अर्ज दिल्यानंतर

पाहणी होईपर्यंत शेजाऱ्याशी नव्याने बोलाचाली करू नये, पाईप स्वतः तोडू नये, धुऱ्यावरचा दगड स्वतः हलवू नये. पाहणीच्या दिवशी घरातले जबाबदार माणूस हजर ठेवावे, पंचनामा वाचून मगच सही करावी आणि चुकीचे काही लिहिले असेल तर सहीशेजारी आपल्या हाताने आपले म्हणणे लिहावे. त्रास थांबला तर तसे संबंधित कार्यालयाला लेखी कळवावे, पण फाइल फाडू नये. पुन्हा सुरू झाला तर नवा अर्ज पहिल्यापासून लिहीत बसण्याऐवजी जुना आवक क्रमांक, नोटिशीची तारीख आणि त्यानंतरच्या नोंदी एवढेच देऊन फेरपाहणी मागावी.